धावणे, झेलणे, पडणे : आपल्या कुमारवयीन मुलांची शरीराशी अक्षरओळख

कोलशेतकर (१४ जून)

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही राजापूर तालुक्यातील आमच्या गावी गेलो होतो. घरामागच्या पर्‍ह्यावर (पावसाळी ओढ्यावर) माडाचे दोन ओंडके टाकून केलेला साकव, म्हणजे छोटा पूल, आहे. मे महिन्यात पर्‍ह्या कोरडा असतो आणि साकवाची उंची माझ्या कमरेइतकीही नाही. माझी आठ वर्षांची पुतणी हातात कैऱ्यांची पिशवी घेऊन त्यावरून सहज पलीकडे गेली. तिच्यामागून माझा पंधरा वर्षांचा मुलगा निघाला, मधोमध थांबला, खाली बसला आणि दोन्ही हातांनी ओंडका धरून सरकत मागे आला. तो आजारी नाही, अशक्तही नाही. उंची पाच फूट आठ इंच आहे आणि आमच्या संकुलाच्या व्यायामशाळेत तो अधूनमधून जातोही. रात्री पडवीत अंथरुणावर पडल्यावर त्याने मला सांगितले, की पाऊल कुठे पडेल याचा त्याला अंदाजच येत नव्हता आणि पाय आपले वाटत नव्हते.

त्यानंतर मी मागचा हिशेब मांडत बसलो. सायकलचे तोल सांभाळणारे छोटे चाक त्याने नवव्या वर्षी काढले आणि पुढे सायकल पार्किंगमध्येच गंजली. पोहणे दोन उन्हाळ्यांत अर्धवट शिकून झाले. शाळेत आठवड्याला शारीरिक शिक्षणाचे दोन तास वेळापत्रकात आहेत. त्यांपैकी एक तास विज्ञानाचा उरलेला धडा संपवण्यात जातो आणि दुसऱ्या तासाला शाळेच्या संघात निवडलेली मुले सराव करतात, तर उरलेली चाळीसएक मुले भिंतीच्या सावलीत बसतात. पाचवीत असताना पहिल्याच आठवड्यात निवड झाली होती आणि माझा मुलगा तेव्हापासून सावलीत आहे. प्रगतिपुस्तकात मात्र या विषयाला दरवर्षी ‘अ’ श्रेणी मिळते. ती श्रेणी देणाऱ्याने त्याला कधी धावताना पाहिले असेल, असे मला वाटत नाही.

या विषयावर वाचताना ‘शारीरिक साक्षरता’ ही संज्ञा भेटली. ब्रिटिश अभ्यासक मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९० च्या दशकापासून ही कल्पना मांडली आणि पुढे तिची बांधणी केली. त्यांच्या मांडणीत चार गोष्टी एकत्र येतात : हालचालीची ओढ, आपल्याला जमेल असा विश्वास, प्रत्यक्ष शारीरिक कसब, आणि आपल्या शरीराविषयीची समज. या चारांच्या बळावर माणसाने आयुष्यभर हालते राहण्याची जबाबदारी स्वतः घ्यावी, असा तिचा अर्थ आहे. मला यातील ‘साक्षरता’ हा शब्द महत्त्वाचा वाटला. पहिलीच्या वर्गात आपण आधी वाचनाची स्पर्धा घेऊन, हरलेल्या मुलांना वर्गाबाहेर बसवून, जिंकलेल्या पाचांनाच बाराखडी शिकवत नाही. मैदानावर मात्र आपण नेमके तेच करतो आणि त्याला क्रीडाशिक्षण म्हणतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीने रोज ६० मिनिटे दम लागेल अशी मध्यम ते जोरकस हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारी हालचाल त्यात असावी. जगातील ११ ते १७ वयोगटातील शाळकरी मुलांपैकी ८१ टक्के मुले २०१६ मध्ये पुरेशी हालचाल करत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण जवळपास ८५ टक्के होते.

मला खेळाडू घडवायचा नाही. चार मित्रांनी हाक मारली तर ‘मी बघतो, तुम्ही खेळा’ असे म्हणण्याची वेळ मुलावर येऊ नये, एवढीच इच्छा आहे. पंधराव्या वर्षी ही बाराखडी गिरवायला उशीर झाला आहे का, ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यासारख्या भागात ती कुठे गिरवावी, आणि अठराव्या वर्षानंतर महाविद्यालय व नोकरीच्या धबडग्यात ती टिकते कशी, याविषयी जाणकारांनी लिहावे.

नौपाड्याचे_आजोबा (१४ जून)

यात एवढे अवघड काय आहे, हे मला समजले नाही. आम्ही ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी वाढलो. डबा ऐसपैस, विटीदांडू आणि सूरपारंब्या खेळताना आम्हाला कोणी साक्षरता शिकवली नव्हती. मुलाच्या हातातील मोबाइल काढून घ्या आणि संध्याकाळी त्याला घराबाहेर काढा, एवढे केले तरी पुरे आहे.

कोलशेतकर (१४ जून)

आजोबा, मोबाइल काढून घेतला तर तो घराबाहेर जाईल, पण बाहेर काय आहे? आमच्या इमारतीखाली दोन मजली पार्किंग आहे, त्यावर शोभेची हिरवळ आहे आणि त्या हिरवळीवर ‘चेंडू खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी आहे. सूरपारंब्यांसाठी लागणारा वड आमच्याकडे कुंडीत आहे.

मैदानमास्तर (१५ जून)

मी नवी मुंबईतील एका शाळेत एकोणीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवतो आहे, त्यामुळे सावलीत बसलेल्या त्या चाळीस मुलांचा आरोप मी माझ्यावरही घेतो. मात्र तसे का घडते, हे सांगायला हवे. माझा तास ३५ मिनिटांचा असतो. वर्गातून मैदानावर येण्याजाण्यात दहा मिनिटे जातात, मुले साठ असतात आणि धड अवस्थेतील चेंडू आठ असतात. व्यवस्थापनाला कार्यालयातील कपाटात आंतरशालेय स्पर्धांचे चषक हवे असतात. पालकांना ठरावीक पातळीपर्यंत खेळल्यास दहावी-बारावीत मिळणारे सवलतीचे गुण हवे असतात. या दोन्ही गोष्टी बारा-पंधरा मुलांवर मेहनत घेतली की साध्य होतात. उरलेल्यांना नीट धावता येते की नाही, हे मला आजवर कोणी विचारलेले नाही.

सहा वर्षांपूर्वी माझ्याच मुलीने बॅडमिंटनच्या रॅकेटने फूल मारताना तीनदा हवा मारली, तेव्हा मी माझ्या तासाची पद्धत बदलली. (घरच्या वैद्याचे मूल औषधावाचून राहते, तसा हा प्रकार होता.) आता मी संघ पाडतच नाही. सहा-सहा मुलांचे गट करतो आणि प्रत्येक गटाला लगोरी, लंगडी, दोरीवरच्या उड्या, भिंतीवर चेंडू आपटून झेलणे अशी कामे फिरती देतो. हे खेळ जुने म्हणून मी निवडलेले नाहीत. लगोरीत नेम धरून फेकणे, वाकून रचणे, पळता पळता दिशा बदलणे आणि येणारा चेंडू चुकवणे ही चार कौशल्ये एका डावात येतात; लंगडीत एका पायावरचा तोल आणि पोटरीचे बळ येते. हीच मूलभूत हालचालींची कौशल्ये होत आणि ती वयाबरोबर आपोआप येत नाहीत, गिरवून येतात. आजोबांच्या पिढीला ती गल्लीने शिकवली, म्हणून ती शिकवावी लागतात हेच आपण विसरलो.

जागेची तक्रार खरी आहे, पण तिच्या आड लपण्याचीही सोय होते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर असते आणि महिलांचे १२ बाय ८. खो-खोला २७ बाय १६ मीटर जागा पुरते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी बाजी मारली आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. तरीही माझ्या शाळेतील निम्म्या मुलांना खो कसा द्यायचा ते ठाऊक नव्हते. उलट क्रिकेटचा एक सामना अख्खे मैदान अडवतो आणि त्यात एका वेळी तीन-चार मुलेच खऱ्या अर्थाने हलतात.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. ६०० मीटर धाव, ५० मीटर धाव, बसून पुढे वाकणे, जोर अशा चाचण्या आता अनेक शाळांत होतात. चाचणी हा तापमापक आहे. वर्षातून एकदा तो काखेत धरून ताप उतरत नाही. माझ्या शाळेत तर ६०० मीटरच्या दिवशी अनुपस्थिती वाढते, कारण शेवटी येणाऱ्या मुलाला सगळे टाळ्या वाजवून आणतात आणि त्या टाळ्या त्याला बोचतात. आता मी प्रत्येकाला फक्त त्याची स्वतःची मागील वेळ सांगतो, तीही कानात.

आकडेमोड (१५ जून)

चर्चा योग्य दिशेने चालली आहे, तरी ८१ टक्क्यांच्या आकड्याविषयी एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. तो आकडा १४६ देशांतील सुमारे १६ लाख शाळकरी मुलांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलींवर उभा आहे आणि त्या वेळचा निकष ‘दररोज किमान ६० मिनिटे’ असा कडक होता. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस दीड-दीड तास कबड्डी खेळणारी मुलगीही त्या निकषाने अपुरी ठरते. २०२० च्या मार्गदर्शनात मात्र ‘आठवड्याच्या सरासरीने’ हा शब्दप्रयोग आला. शिवाय मिनिटे मोजता येतात, पण विश्वास आणि ओढ कशी मोजायची याविषयी शारीरिक साक्षरतेच्या अभ्यासकांतच मतभेद आहेत. मुलगा किती मिनिटे हलला यापेक्षा तो पुन्हा स्वतःहून गेला का, हे घरच्या घरी पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

प्रौढांविषयीचा आकडा मात्र काळजी वाढवणारा आहे. २०२२ च्या स्थितीवर आधारित आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगातील ३१ टक्के प्रौढ अपुरी हालचाल करणारे आढळले. भारतात हे प्रमाण जवळजवळ निम्मे होते आणि स्त्रियांमध्ये ५७ टक्के. प्रौढांसाठीचा निकष तर आठवड्याला अवघ्या १५० मिनिटांच्या मध्यम हालचालीचा आहे, म्हणजे तो मुलांच्या निकषाहून पुष्कळ सौम्य आहे.

वाशीची_फिजिओ (१६ जून)

कोलशेतकर, तुमच्या मुलाचे ‘पाय आपले वाटत नव्हते’ हे वाक्य मी माझ्या दवाखान्यात वेगवेगळ्या शब्दांत नेहमी ऐकते. गेल्या दीड-दोन वर्षांत त्याची उंची झपाट्याने वाढली असावी. मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास वाढीचा वेग सर्वाधिक असतो. त्यातही आधी पावले व हातपाय लांब होतात आणि धड मागून येते. मेंदूजवळ असलेला शरीराचा नकाशा जुन्या मापाचा राहतो. जी मुले या काळात खेळत राहतात, त्यांचा नकाशा रोजच्या रोज दुरुस्त होतो. जी बसून असतात, त्यांना एके दिवशी साकवावर कळते की पाय चार इंच लांब झाले आहेत. हा दोष नाही, आजार तर नाहीच.

उशीर झालेला नाही. हाडांच्या बाबतीत तर हीच वेळ मोलाची आहे, कारण आयुष्यातील हाडांच्या कमाल साठ्यापैकी सुमारे ९० टक्के साठा मुलींमध्ये अठराव्या आणि मुलांमध्ये विसाव्या वर्षापर्यंत जमा होतो. उड्या मारणे, पळणे, वजन पेलणे यांतून हाडांवर पडणारा ताण हा त्या साठ्याचा भरणा असतो. वजने उचलल्याने उंची खुंटते, हा समज घरोघरी आहे. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने वाढ खुंटते असे आढळलेले नाही. माझी हरकत व्यायामशाळेला नसून क्रमाला आहे. ज्या मुलाला पाठ सरळ ठेवून उकिडवे बसता येत नाही, त्याच्या खांद्यावर दांडी ठेवण्याची घाई कशासाठी? आपल्या बैठकांमध्ये आणि जोरांमध्ये शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यांना वर्गणी लागत नाही. पंधराव्या वर्षी प्रथिनांच्या पावडरीचा डबा घरी येण्याआधी उसळ, अंडी, दूध आणि झोप यांचा हिशेब करावा, एवढेच सांगते.

सुरुवात कशी करावी, तेही सांगते. दात घासताना एका पायावर उभे राहावे, ते जमू लागले की डोळे मिटून पाहावे, मात्र हाताशी भिंत असावी. फरशीच्या रेघेवरून पुढे आणि मग मागे चालावे. रबरी चेंडू भिंतीवर मारून आधी दोन्ही हातांनी, नंतर एका हाताने, नंतर डाव्या हाताने झेलावा. दोरीवरच्या उड्या माराव्यात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पडायला शिकावे. गादीवर गुडघे वाकवून, हनुवटी छातीशी घेऊन, खांद्यावरून लोळण घ्यावी. ज्याला पडता येते त्याची भीती अर्धी कमी होते. काँक्रीटवर हा प्रयोग कृपया करू नये.

एका दुखण्याविषयी पालकांनी सावध असावे. बारा ते पंधरा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलांना गुडघ्याच्या वाटीखाली दुखते आणि तिथे टेंगूळ येते. ऑसगूड-श्लाटर या नावाने ते ओळखले जाते. बहुतेकांचे दुखणे वाढ पूर्ण झाल्यावर थांबते. अशा वेळी भार कमी करावा लागतो, पण खेळ कायमचा बंद करून मुलाला सोफ्यावर बसवण्याची गरज बहुधा नसते. अनेक मुलांचा खेळ या दुखण्याने सुटत नाही, त्यावर मिळालेल्या ‘आता खेळू नकोस’ या सल्ल्याने सुटतो.

ट्रान्सहार्बरवाली (१७ जून)

काका, मी एकोणीस वर्षांची आहे आणि रोज ठाण्याहून रबाळ्याला महाविद्यालयात जाते. या चर्चेत आतापर्यंत ‘मुलगा’ हा शब्द फार आला आहे, म्हणून लिहावेसे वाटले.

सहावीपर्यंत मी वर्गात सर्वांत वेगाने धावत असे. सातवीत पाळी सुरू झाली, गणवेश पांढरा होता आणि शाळेतील स्वच्छतागृहात पाणी असेलच याची खात्री नसायची. महिन्यातून चार दिवस मी पोटदुखीचे कारण सांगून बसू लागले, मग आठ दिवस, आणि नववीत मला कोणी विचारेनासे झाले. घराजवळ पालिकेचे मैदान आहे, पण संध्याकाळी तिथे एकाच वेळी क्रिकेटचे चार सामने चालतात आणि कडेने चालणाऱ्या मुलींकडे पाहणारे प्रेक्षक त्याहून जास्त असतात. मैदान सर्वांसाठी खुले आहे, असे फलकावर लिहिलेले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या मैदानावरही फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी मैदानावर मुलगी एकही नव्हती.

अकरावी-बारावी मी प्रवेश परीक्षेच्या शिकवणीच्या तिसऱ्या मजल्यावर काढली. दुसऱ्या वर्षाला जिना चढताना धाप लागू लागली. आईला वाटले वजन वाढले आहे. तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघाले. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता. मग आम्हाला आळशी म्हणण्याआधी रक्त तपासून पाहायला नको का?

माझी हालचाल परत आली ती ढोल-ताशा पथकामुळे. मैत्रिणीच्या आग्रहाने मी गेल्या पावसाळ्यात पथकात गेले. पहिल्या आठवड्यात ढोल कमरेला बांधून दहा मिनिटे उभे राहणे अशक्य वाटले. खांदे आणि कंबर यांना एवढे काम असते, हे मला प्रथमच कळले. दोन महिने रोज संध्याकाळी दोन तास सराव झाला आणि विसर्जनाच्या दिवशी मी सलग चार तास वाजवत चालले. कोणी व्यायाम म्हणून सांगितले असते तर मी तिसऱ्या दिवशी थांबले असते. पथकात मी आले नाही तर माझ्या रांगेतील मुलीला शेजारी मोकळी जागा दिसते, म्हणून मी जात राहिले. व्हाइटहेड यांच्या चार गोष्टींपैकी ‘ओढ’ म्हणजे हेच असावे, असा माझा अंदाज आहे. कानांत मी बोळे घालते, हेही सांगून ठेवते.

कळव्याचा_पाचवा_थर (१८ जून)

ढोलाचा उल्लेख झाला म्हणून आमच्या गोविंदा पथकाविषयी लिहितो, कारण ठाण्यातील हजारो तरुण मुले वर्षातून एकदाच मन लावून शरीराचा सराव करतात आणि तो दहीहंडीसाठी असतो. गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो आणि तेव्हापासून रात्री नऊनंतर, कामावरून आलेली मुले मैदानात जमतात. राज्य सरकारने २०२२ मध्ये या खेळाला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. चौदा वर्षांखालील मुलांना थरांवर चढवण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे.

वरच्या थराची छायाचित्रे छापून येतात, पण खरी शिकवण खालच्या थरात मिळते. तळाला उभ्या असलेल्या मुलाला दुसऱ्याचे वजन मणक्यावर न घेता मांड्यांवर कसे घ्यावे, श्वास कधी सोडावा आणि थर कोसळताना हात वर करून पडणाऱ्याला कसे झेलावे, हे शिकावे लागते. आमच्याकडे पहिला महिना फक्त तळ बांधण्यात आणि पडण्यात जातो. फिजिओताई म्हणतात ते पडणे आम्ही सर्वांत आधी शिकवतो. आमच्या खेळात जखमा होतात, कायमचे अपंगत्वही आलेले आहे, हे मी लपवत नाही; म्हणूनच सराव न करता हंडीच्या दिवशी टीशर्टसाठी येणाऱ्या मुलांना आम्ही उभे करत नाही.

दुखरी बाजू अशी, की हंडी फुटली की दुसऱ्या दिवसापासून ही मुले दहा महिने काहीही करत नाहीत. गेल्या दोन वर्षांपासून आम्ही उरलेल्या काळात आठवड्यातून दोन रात्री कबड्डी चालू ठेवली आहे. दीडशेपैकी तीसेक मुले येतात. त्यांत माल पोचवण्याची नोकरी करणारी बाहेरगावची मुलेही आहेत. ती दिवसभर दुचाकीवर असतात आणि त्यांना कंबरदुखी पंचविशीतच लागली आहे.

घणसोलीकरीण (१८ जून)

मैदानमास्तरांचे म्हणणे मान्य करूनही जागेचा प्रश्न इतक्या लवकर मिटवू नये, अशी विनंती आहे. घणसोलीत शासकीय क्रीडासंकुलासाठी २००३ पासून राखलेली २० एकर जागा होती. २०२१ मध्ये ते संकुल रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, येथून सुमारे ११५ किलोमीटर दूर हलवण्याचा निर्णय झाला आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. हलवण्याचा निर्णय झाला तेव्हा माझा मुलगा चार वर्षांचा होता; काही वर्षांत तो किशोरवयात येईल, पण धावायला जागा हवी म्हणून नागरिकांना न्यायालयात धावावे लागले, हे त्याला कसे समजावून सांगू? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान असावे असे स्पष्ट लिहिले आहे आणि तरी आमच्या आसपास इमारतीच्या गच्चीला मैदान म्हणणाऱ्या शाळा आहेत.

जाळी लावलेली भाड्याची कृत्रिम हिरवळ हा आता पर्याय झाला आहे. ती तासावर मिळते, रात्री अकरापर्यंत मिळते आणि पैसे असणाऱ्यांनाच मिळते. शिवाय तिथे जायला आधीच खेळता यावे लागते. भाड्याच्या तासात न येणाऱ्याला कोणी शिकवत बसत नाही.

मैदानमास्तर (१९ जून)

घणसोलीकरीण, तुमचा आक्षेप मान्य आहे आणि कृत्रिम हिरवळीविषयीचे तुमचे निरीक्षण तर मला सुचलेच नव्हते. ट्रान्सहार्बरवाली, तुझ्या प्रतिसादानंतर मी काल मुख्याध्यापिकांशी बोललो. मैदानाच्या तासाला गडद रंगाची ट्रॅकपँट सर्वांना चालेल, असे ठरले आहे. एवढी साधी गोष्ट एकोणीस वर्षांत माझ्या लक्षात आली नाही, याची खंत वाटते.

कोलशेतकर (२३ ऑगस्ट)

दोन महिन्यांनी पुन्हा लिहितो आहे. आधी न जमलेले सांगतो. रोज ६० मिनिटांचा तक्ता मी भिंतीवर लावला होता. तो नवव्या दिवशी मुलाने काढून टाकला आणि मलाही तो पाहून अपराधी वाटत असल्यामुळे मी पुन्हा लावला नाही. येऊरला पहाटे फिरायला जाण्याचा बेत पावसात दोनदाच जमला. पोहण्याच्या तलावाची नोंदणी माझ्या हलगर्जीपणामुळे राहिली.

जमले ते असे. भिंत आणि रबरी चेंडू ही जोडी त्याच्या आयुष्यात टिकली. पार्किंगमधील एका खांबावर तो रात्री जेवणानंतर चेंडू मारतो. डाव्या हाताने सलग चाळीसपर्यंत झेलतो. मी आकडेमोड यांचा निकष धरून मिनिटे मोजणे सोडले आणि तो स्वतःहून किती वेळा खाली जातो, तेवढेच पाहिले. जुलैच्या मध्यापासून त्याला सांगावे लागलेले नाही. गादीवर लोळण घेण्याचा सराव आम्ही दोघांनी मिळून केला. त्यात माझी मान दोन दिवस धरली आणि बापाला येत नाही ते आपल्याला येते याचा त्याला झालेला आनंद मी यापूर्वी कधी पाहिला नव्हता.

खांबावर आपटणाऱ्या चेंडूच्या आवाजाबद्दल सोसायटीच्या सभेत तक्रार झाली. मी उत्तर द्यायला उठणार, एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरील एका ताईंनी सांगितले की त्यांच्या दोन्ही मुलीही हल्ली रात्री तिथे जातात. बऱ्याच वादानंतर पार्किंगचा पाहुण्यांच्या गाड्यांचा कोपरा रविवारी सकाळी साडेसहा ते आठ या वेळेत मुलांसाठी मोकळा ठेवण्याचे ठरले. मोजला तर तो साधारण १२ बाय ९ मीटर भरतो. हिरवळीवरील पाटी मात्र तशीच आहे. गेल्या रविवारी अकरा ते एकोणीस वयाची चौदा मुले आली, त्यांत पाच मुली होत्या. नौपाड्याचे आजोबा, तुमच्या वयाचे एक गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते आणि लगोरीचे नियम सांगताना तिघांशी भांडले.

गणपतीला गावी जाणार आहोत. पर्‍ह्या तेव्हा भरून वाहत असेल आणि ओंडके शेवाळलेले असतील, त्यामुळे साकवावर कोणालाच सोडणार नाही.

मैदानमास्तर, एक अडचण तुमच्यापुढे मांडतो. नव्याने आलेली दोन मुले, एक सतरा वर्षांचा मुलगा आणि एक तेरा वर्षांची मुलगी, पहिल्या डावातच नेम चुकल्यावर बाजूला जाऊन बसली आणि मग उठलीच नाहीत. येत्या रविवारी ती आली तर त्यांना खेळात कसे घ्यावे?

मैदानमास्तर (२३ ऑगस्ट)

त्या दोघांना एकाच गटात ठेवू नका आणि ‘या ना खेळायला’ असा आग्रहही सर्वांदेखत करू नका. पहिल्या दोन डावांत त्यांना फेकायला न देता लगोरी रचण्याचे काम द्या. रचणाऱ्याकडे सगळ्यांची नजर नसते, पण डाव त्याच्या हाताने जिंकला जातो. नेम धरण्याची रेषा प्रत्येकाने स्वतः निवडावी, असा नियम करा; ज्याला जवळून मारायचे त्याने जवळून मारावे. कडक चेंडू काढून टाका आणि मऊ स्पंजाचा घ्या, कारण बसून राहणाऱ्या मुलांपैकी निम्मी चेंडू लागण्याच्या भीतीने बसलेली असतात. दुसरा रविवारही तसाच गेला तर लगोरी बाजूला ठेवून साखळीची पकडापकडी लावा. त्यात हात धरलेला असतो, त्यामुळे बाजूला बसता येत नाही.

फरशी ओली असेल तर अनवाणी खेळू द्या, चपला घालून नको.